पॉइंट शूज म्हणजे पुढची इयत्ता नव्हे

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बॅले शिकणाऱ्या मुलींवरचा लेख वाचला, छान होता, पण "दोन वर्षं क्लास केला की पॉइंट शूज मिळतात" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट, असे मिळतात काय? शाळेतली पुढची इयत्ता आहे का ती!

माझ्या लेकीचं बॅलेचं हे सहावं वर्ष. नेहमीच्या क्लासला मऊ बूट असतात, टाच उचलली की भार चवड्यावर येतो आणि उड्या, गिरक्या, सगळ्या अंगाचं काम होतं. पॉइंटमध्ये अख्खा भार बोटांच्या टोकावर, बुटाच्या पुढच्या कडक डबीत (आत लाकूड असतं असं मलाही वाटायचं, पण ते कापड-कागदाचे गोंदाने घट्ट केलेले थर असतात). बूट आधार देतो तेवढाच, वर उचलून धरायचं काम घोटा, पोटरी आणि पोटाच्या स्नायूंचंच.

मागच्या वर्षी मैत्रिणींना मिळाले, हिला नाही, म्हणून मी तावातावाने भांडायला गेले. टीचरनी काही न बोलता तिला सरावाच्या आडव्या दांड्याला हाताची बोटं टेकवून एका पायावर टाच वर-खाली करायला लावली, गुडघा सरळ. आठ-नऊ वेळा झकास, मग घोटा बाहेर कलंडायला लागला आणि पायाची बोटं मुठीसारखी आत वळली. "हेच त्या बुटात झालं तर?" मी गप्प. पावलाची हाडं वाढत असतात म्हणून साधारण 11-12 च्या आधी शहाणा शिक्षक हे बूट देत नाही, पण बारा पूर्ण झाली की द्यायचेच असंही नाही.

आता मिळालेत. तर क्लास काय, नेहमीच्या तासानंतर पंधरा मिनिटं, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात दांड्यावर, वर-खाली वर-खाली, बस. गिरकी एक नाही. घरी घालायला बंदी. बूट घेताना मी सवयीने "एक साइज मोठा द्या, पाय वाढतोय" म्हटलं तर लेकीनेच डोळे वटारले, मोठ्या बुटात पाय खाली घसरतो आणि सगळा भार अंगठ्यावर येतो म्हणे.

पुढच्या लेखाआधी एखाद्या टीचरना विचारा एवढीच विनंती. आणि हो, फोटोतल्या मुलीच्या रिबनची गाठ बाहेर लोंबतेय, ती आत खोचायची असते, हे आमच्या लेकीनेच नाश्ता करता करता दाखवलं.

– एक वाचक, बॅलेवाल्या मुलीची आई