पावसाच्या तोंडावरचे हवामान बातम्यांत दिसत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की आपल्या दैनिकात मुंबईच्या पावसाविषयी रोज काही ना काही छापून येते. केरळात मोसमी वारे पोहोचले का, तळकोकणात कधी येणार, मुंबईला अजून किती दिवस वाट पाहावी लागणार, या प्रश्नांना त्यात भरपूर जागा मिळते. मात्र ज्या हवेत आम्ही हे दिवस काढतो, त्या हवेची नोंद ‘कमाल तापमान ३४ अंश’ एवढ्या एका आकड्यात आटोपली जाते. त्या आकड्यावरून मुंबईकराच्या हालाची काहीच कल्पना येत नाही, हे निदर्शनास आणण्यासाठी हे पत्र.

३४ अंश म्हटल्यावर नागपूरकर हसतात, आणि ४५ अंशांचे ऊन सोसणाऱ्यांनी हसावे हे योग्यच आहे. पण या दिवसांत मुंबईत रात्रीचे तापमान २७-२८ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही आणि हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. तो नुसताच निथळत राहिला तर पंख्याखाली बसूनही जीव कासावीस होतो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीची, खरेदी उरकलेल्या घरात या सुमारास डोकावले तर आर्द्रता डोळ्यांना दिसते: बरणीतले मीठ पाझरू लागलेले असते, सकाळी भाजलेला पापड दुपारच्या जेवणापर्यंत सादळतो, न्हाणीघराचे दार फुगून चौकटीत अडकते आणि पावसाचा थेंब नसताना दोरीवरचे कपडे संध्याकाळी दमटच हाती येतात. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. जूनच्या आरंभीचा हा उकाडा त्या निकषात क्वचितच बसतो, म्हणून त्याची बातमी होत नाही. रस्त्याच्या कामावरील मजुरांना, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना आणि वृद्धांना मात्र तो लाटेइतकाच भोवतो. किमान तापमान आणि आर्द्रता हे दोन आकडे कमाल तापमानाशेजारी छापायला जागा कितीशी लागणार?

दुसरा मुद्दा पहिल्या सरींचा. या काळात येणारा वळीव आणि मोसमी पाऊस यांची बातम्यांत सर्रास गल्लत होते. वळवाचे ढग बहुतेक वेळा दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून चढून येतात. सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात, अर्धा-पाऊण तास पाऊस कोसळतो आणि तो थांबला की तापलेल्या रस्त्यांतून वाफ उठून घुसमट उलट वाढते. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो, रात्री-पहाटे कधीही पडतो, त्यात गडगडाट तुलनेने कमी असतो आणि तो खऱ्या अर्थाने स्थिरावला की कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास येऊन दिवस आणि रात्र यांतील अंतर चार-पाच अंशांवर येते. हा फरक वाचकाला ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण मैदानावर किंवा चौपाटीवर असलेल्या माणसाला विजेचा धोका अधिक असतो तो मुख्यत्वे वळवाच्याच वेळी. शिवाय एका संध्याकाळच्या सरीवर ‘मुंबईत मान्सून’ असा मथळा द्यायचा आणि पुढचे आठ दिवस लख्ख ऊन पडले की ‘पावसाने दडी मारली’ म्हणायचे, यात बिचाऱ्या पावसाचा दोष काय?

मोसमी पावसाच्या मुंबईतील आगमनाची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२० पूर्वी ती १० जून मानली जात असे. प्रत्यक्षात २०२३ साली तो २५ जूनला, दिल्लीत पोहोचला त्याच दिवशी, मुंबईत आला आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन थडकला. त्या वर्षी नालेसफाईची ३१ मेची मुदत संपायच्या आत पाणी रस्त्यावर होते. पण पुढे जूनच्या मध्यापर्यंत मोसमी वाऱ्यांची वाटचाल खोळंबली, तेव्हा पुन्हा उकाडा वाट्याला आला. सरासरी तारखेभोवती बातम्या रचण्यापेक्षा त्या त्या दिवशीची स्थिती सांगणे म्हणूनच अधिक हिताचे.

पावसाच्या आकड्यांबाबतही थोडी शिस्त हवी. सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची नोंद कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांत होते आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असे असताना ‘मुंबईत इतका पाऊस’ असे एकाच आकड्यात सांगून भागत नाही. कोणत्या वेधशाळेचा आणि कोणत्या तासांचा, हे प्रत्येक वेळी लिहायला हवे. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेले आहेत. त्यांच्या नोंदीही निवडून देता येतील. साठ मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर गटारांतून निघून जातो, तोच तासाभरात पडला तर हिंदमाता आणि मिलन सबवे या सखल, पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी काय होते ते कुणाला सांगायला नको.

त्यात उधाणाची भरती असली तर प्रश्नच मिटला. समुद्राची पातळी चढली की पर्जन्यवाहिन्यांच्या मुखांतून पाणी बाहेर पडण्याऐवजी आत शिरू पाहते, दरवाजे बंद करून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणच्या पंपांवर विसंबावे लागते आणि ओहोटी लागेपर्यंत साचलेले पाणी मुश्किलीने हलते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत ही मोठी भरती साधारणपणे भर दुपारी आणि मध्यरात्री येते. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आधीच ठाऊक असतात. कोळीवाड्यांत ते तिथीवरून सांगतात आणि पालिका तर हंगामापूर्वीच त्यांची यादी जाहीर करते. आपण ती एकदा छापता आणि पुढे ती रद्दीत जाते.

तापमान, आर्द्रता आणि दोन्ही वेधशाळांचा पाऊस हा तक्ता आपण सोयीच्या कोणत्याही पानावर द्यावा. भरतीची वेळ आणि उंची मात्र कृपया पहिल्या पानावर असावी. सकाळच्या लोकलने निघणारा वाचक आतली पाने बहुधा परतीच्या गाडीत उघडतो आणि उधाणाच्या दिवशी तोवर दुपारची भरती होऊन गेलेली असते.

आपला,
एक वाचक, माहीम, मुंबई