तक्त्यात वयाचा रकाना कुठे आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत 'रक्ततपासणीचे नॉर्मल आकडे' हा तक्ता 'कापून जपून ठेवा' अशा सूचनेसह छापला आहे. जपून काय ठेवायचे? त्यात वय नाही, लिंग नाही, गरोदरपणाचा उल्लेख नाही.

असाच वय न बघता छापलेला आकडा आम्हाला भोवला आहे. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज या यकृतात आणि हाडांत तयार होणाऱ्या एन्झाइमपुढे वर जाणारा बाण होता आणि शेजारी मर्यादा प्रौढांची. उंची झपाट्याने वाढत असताना हाडांमधून हे एन्झाइम जास्त येते, प्रौढांच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते. बालरोगतज्ज्ञांनी हे दोन वाक्यांत सांगितले. पण त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत यकृताची सोनोग्राफी झाली होती आणि मुलाची आई रात्र रात्र जागत होती. लॅबमध्ये विचारले तर उत्तर मिळाले, "सिस्टिममध्ये तीच रेंज आहे." रिपोर्टवर मुलाचे वय छापले होते. ते कोणी वाचायचे?

ही मर्यादा ठरते कशी, एवढे तरी तुमच्या लेखात यायला हवे होते. निरोगी माणसांचे नमुने (सर्वमान्य पद्धतीत किमान 120) तपासून मधले 95 टक्के आकडे घेतात. म्हणजे उरलेले 5 टक्केही निरोगीच! एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता जवळपास 64 टक्के आहे. मोठमोठी 'फुल बॉडी' पॅकेजेस घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

कोलेस्टेरॉलचे 200 तुम्ही त्याच रकान्यात बसवले आहेत. ती सीमा निरोगी लोकांच्या मोजणीतून आलेली नाही, हृदयविकाराचा धोका पाहून ठरवलेली आहे. दोन्हींना 'नॉर्मल' म्हणून वाचकाने काय समजायचे?

आणखी एक. हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आपल्या मोबाइलवर येतो, लाल अक्षरांसकट, तेही रात्री, जेव्हा विचारायला कोणी नसते. लॅबवाल्यांनी निदान शंका विचारण्यासाठी पॅथॉलॉजिस्टचा नंबर तरी त्यावर छापावा.

पुढच्या पुरवणीत हा तक्ता वय आणि लिंगानुसार दुरुस्त करून, तितक्याच ठळकपणे छापावा ही विनंती. मुलांचे आकडे वेगळे द्यावेत.

– एक वाचक