इंजिन एकसारखे असेल तरच

संपादक महोदय,

छोट्या रेसकारची प्रादेशिक मालिका इंदूरला हवी, असे सुचवणारा रविवारचा लेख वाचला. कल्पना उत्तम, पण ट्रॅक, प्रेक्षक, प्रायोजक यांवर रकाने भरलेत आणि खर्च दोन ओळींत उरकलाय. अमेरिकेत 1933 पासून चालत आलेल्या ‘मिजेट’ या छोट्या रेसकारच्या शर्यतींत गाडी जेमतेम चारशे किलोची, तर मिथेनॉलवर चालणारे इंजिन तीनशेहून अधिक अश्वशक्तीचे. ते वरचेवर खोलून पुन्हा बांधावे लागते आणि छोटा मालक तिथेच गारद होतो.

उपाय इंदूरजवळच्या पीथमपूरलाच सापडेल. तिथे 2007 पासून वर्षानुवर्षे रंगलेल्या ‘बाजा’ या खडबडीत वाटेवरच्या छोट्या गाड्यांच्या स्पर्धेत अभियांत्रिकीची मुले सांगाडा, सस्पेन्शन स्वतः बनवत. पाइपांवरचे वेल्डिंग कुठे सुबक, कुठे अगदीच ओबडधोबड. इंजिन मात्र सर्वांना सारखेच, दहा अश्वशक्तीचे, आणि त्यात फेरफार करायला मनाई.

मालिका काढायचीच तर सीलबंद इंजिने आयोजकांनी घ्यावीत आणि चिठ्ठ्या टाकून भाड्याने द्यावीत. टायरही मोजूनच मिळावेत. नाहीतर दुसऱ्याच हंगामात, ज्यांच्या वडिलांचा सांवेर रोडवर कारखाना आहे तेवढीच मुले ट्रॅकवर उरतील.

– एक वाचक, रामबाग, इंदूर