फिल्टरवाल्याला हो म्हणण्याआधी

धायरी, पुणे
15 जून 2025

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल रात्री ऐकला, आणि सकाळी उठून पुन्हा ऐकला. फिल्टरवाला आला, दोन ग्लासांत सळया बुडवल्या, बोअरचं पाणी तांबडं झालं, काकू घाबरल्या आणि त्याने तिथल्या तिथे साडेपाच हजारांचा हिशोब मांडला: मेम्ब्रेन, तिन्ही कँडल, दिवा, पंप, सगळंच. तू त्याला "उद्या सांगतो" म्हणालास हे फार चांगलं केलंस. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहून पाठवतोय. छोट्या रेवाचं पोट महिन्यात दोनदा बिघडलंय, त्यामुळे घाई तर आहेच, पण ती भलत्या ठिकाणी होऊ नये.

आधी त्या सळयांचं. त्यातली एक लोखंडाची असते. वीज सोडली की तिचं लोखंड पाण्यात उतरतं, आणि ग्लासात दिसतो तो त्या लोखंडाचा गंज. पाण्यात क्षार जास्त असले की वीज सहज वाहते, म्हणून बोअरचं पाणी लगेच रंगतं. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते तसंच राहतं. तो परत आला तर त्याच्या त्या "शुद्ध" ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि सळया पुन्हा बुडवायला सांग. तेही तांबडं होईल. मीठ घातलेलं पाणी खारट असतं, विषारी नसतं, एवढं काकूंना दाखवलंस तरी त्यांची भीती जाईल.

आता मी हे सगळं का शिकलो ते सांगतो, कारण तुला ते मी कधी नीट सांगितलंच नाही. या जानेवारीत आमच्याकडे जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, सगळा आमचाच परिसर. रुग्णांचा आकडा 200 च्या वर गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. आमच्या समोरच्या इमारतीतले एक आजोबा महिनाभर रुग्णालयात होते. पायातली ताकद गेली, मग हातातली. त्यांच्या सूनबाई रोज डबा घेऊन जाताना दिसायच्या, तेव्हा वाटायचं, आपल्याकडे फिल्टर आहे, आपण सुरक्षित आहोत. फिल्टरवर हिरवा दिवा तर लागलेलाच होता.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी तो उघडला. बाहेरचा प्री-फिल्टरचा बाऊल पान्याने सैल केला, खाली बादली धरली. आतली पांढरी कँडल, ज्याला हे लोक स्पन म्हणतात, ती दुधाच्या चहाच्या रंगाची झाली होती. बोट फिरवलं तर शेवाळासारखं बुळबुळीत लागलं. वास ओल्या पोत्याचा. मग पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं. आतल्या कोपऱ्यांत आणि तळाशी गुलाबीसर चिकट थर होता. या टाकीतलं पाणी आम्ही अडीच वर्षं पीत होतो. पाणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चवीला गोडच लागत होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी बराच वेळ नुसता उभा राहिलो होतो.

हिरवा दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. काही यंत्रं महिने मोजून "बदला" असं दाखवतात, पण तीही आतली कँडल बघत नाहीत. त्यामुळे बघायचं आपणच.

तुझ्या यंत्रात पाणी कोणत्या वाटेने जातं ते एकदा डोळ्यांसमोर आण. आधी स्पन: माती, गाळ, गंज इथे अडतो. मग कार्बन: क्लोरीन, वास, काही सेंद्रिय रसायनं इथे धरली जातात. मग मेम्ब्रेन: क्षार इथे वेगळे होतात. त्यानंतर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा जंतूंसाठी, आणि शेवटी टाकी. प्रत्येक टप्पा पुढच्याला जपतो. स्पन वेळेत बदलला नाही तर गाळ कार्बनमध्ये आणि मेम्ब्रेनवर जातो. कार्बन संपला तर क्लोरीन थेट मेम्ब्रेनपर्यंत पोहोचतो, आणि क्लोरीनने मेम्ब्रेन कुजते. म्हणजे शंभर-दीडशे रुपयांची कँडल वाचवायला जावं आणि दोन हजारांची मेम्ब्रेन घालवावी असं होतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच होतं.

स्पन कधी बदलायचा हे डोळ्यांना कळतं. रंग बदलला, टाकी भरायला वेळ लागू लागला, पंपाचा आवाज बदलला की बदल. तीन-चार महिन्यांत एकदा तरी उघडून बघ. पावसाळ्यात लवकर, कारण नळाला गढूळ पाणी येतं. आजही इथे मोठी सर आली आहे, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये माझा स्पन महिन्यातच चहाच्या रंगाचा होणार.

कार्बनचं मात्र वरून काहीच कळत नाही. कँडल जुनी असो की नवी, दिसते सारखीच. त्यासाठी मी ओटी (ऑर्थोटोलिडीन) हे क्लोरीन तपासायचं औषध वापरतो. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नीट पडलं का हे बघायला करतो तीच ओटी चाचणी. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मी नळाच्या पाण्याची एक नळी करतो आणि कार्बनमधून बाहेर पडलेल्या पाण्याची एक. नळाचं पिवळं आणि कार्बननंतरचं स्वच्छ, म्हणजे कार्बन जिवंत. दोन्ही पिवळी झाली की त्याच दिवशी बदलायचा. (ते औषध विषारी असतं. हाताला लावू नकोस, रेवाच्या हाताशी ठेवू नकोस, आणि नळीतलं पाणी लगेच ओतून दे.) तुझ्याकडे लातूरला ही चाचणी मांजरा धरणाचं पाणी नळाला येतं त्या दिवशी कर. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतंच, मग दोन्ही नळ्या स्वच्छ दिसतील आणि कार्बन चांगला आहे असं उगाच वाटेल. उलट क्लोरीन नसलेल्या पाण्यात जुना कार्बन जंतूंचं घर होतो, म्हणून तुझ्याकडे तो चाचणीवर सोडू नकोस. सहा-आठ महिन्यांनी सरळ बदल.

आता मेम्ब्रेन. त्याने टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) मीटर बुडवून 210 दाखवलं आणि "मेम्ब्रेन गेली" म्हणाला, असं तू सांगितलंस. बोअरचं 940. हिशोब कर: 940 मधले 730 अडले, म्हणजे साधारण 78 टक्के. चांगली मेम्ब्रेन 90 च्या आसपास किंवा वर अडवते, 80 च्या खाली गेली की बदलायची वेळ आली समजायचं. वरवर पाहता त्याचं खरं वाटतं. पण तुझ्या यंत्रात टीडीएसचा स्क्रू आहे. चव राहावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. तो उघडा असताना नळाखाली मोजलेला आकडा मेम्ब्रेनचा नसतोच, दोन पाण्यांच्या मिश्रणाचा असतो. स्क्रू पूर्ण बंद कर, पहिलं दोन-तीन लिटर पाणी वाहू दे, मेम्ब्रेनमधून येणाऱ्या पांढऱ्या पाइपचं पाणी थेट ग्लासात घे आणि मग मीटर बुडव. समज 80 आलं, तर 91 टक्के अडतंय आणि मेम्ब्रेन अजून ठणठणीत आहे. 200 च आलं, तर तो खरं बोलतोय आणि पैसे दे. मीटर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो, तुझा स्वतःचा घे.

त्याच वेळी एक लिटरची बाटली त्या पाइपखाली धरून घड्याळ लाव. घरगुती मेम्ब्रेनला एक लिटर द्यायला पाच ते सात मिनिटं लागतात. तुझ्याकडे पंधरा लागले आणि आकडा मात्र चांगला असेल, तर मेम्ब्रेन फाटलेली नाही, कशाने तरी चोंदली आहे. आधी स्पन बदलून पुन्हा मोज. तुमच्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चुन्याची पुटं चढतात, तशीच मेम्ब्रेनवरही चढतात.

पण विलास, मला तुला जे मुख्य सांगायचंय ते पुढे आहे. क्षार वेगळे आणि जंतू वेगळे. टीडीएसचा मीटर फक्त विरघळलेले क्षार बघतो. त्या 210 मध्ये रेवाच्या पोटाबद्दल एक अक्षरही नाही. 40 टीडीएसच्या पाण्यात जुलाबाचे जंतू असू शकतात आणि 900 च्या पाण्यात एकही नसू शकतो. त्याने मीटर दाखवला, काकू रेवासाठी घाबरल्या, आणि दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून त्याने हिशोब केला, याचा मला राग आला.

रेवासाठी बघायच्या त्या दोन जागा: दिवा आणि टाकी. यूव्हीचा दिवा निळसर उजेड देत राहतो, पण जंतू मारणारी त्याची ताकद हळूहळू कमी होत जाते. आयुष्य साधारण आठ-नऊ हजार तास. सतत जळणारा दिवा वर्षाला 8760 तास जळतो, म्हणजे वर्ष झालं की बदलायचा, उजेड असला तरी. तुझा दिवा तीन वर्षांचा आहे, त्यामुळे तो बदल, त्यात वाद नाही. त्याभोवतीची काचेची नळीही पुसून घ्यायला सांग, तिच्यावर पांढरी पुटं चढली की किरण पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नकोस.

आणि टाकी. कार्बनने क्लोरीन काढून टाकलेलं असतं, त्यामुळे टाकीतल्या पाण्याला कसलंही संरक्षण उरत नाही. दोन दिवस गावाला जाऊन आलात की पहिलं टाकीभर पाणी वापरायला काढा, प्यायला नको. दर महिन्याला टाकी रिकामी करून घासायची, तोटीच्या आतूनही. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो, ओट्याखाली पेन्सिलीने तारीख लिहितो.

आपल्या आज्या काय करायच्या आठवतं? जुन्या लुगड्याचं चारपदरी फडकं हंड्याच्या तोंडाला बांधायचं. त्या फडक्याने नारूचे (पायातून बाहेर येणाऱ्या दोऱ्यासारख्या कृमीचे) जंतू वाहून नेणारे पाण्यातले बारीक किडे अडायचे, आणि गाळून पाणी पिण्याचा देशातून नारू घालवण्यात मोठा वाटा होता. शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माझी आजी ते फडकं रोज धुऊन उन्हात टाकायची. एक दिवस ते ओलं राहिलं तर दुसरं घ्यायची, पण ओल्यातून पाणी गाळायची नाही. आपल्या यंत्रातलं फडकं झाकणाच्या आत असतं, एवढाच फरक.

तुझ्याकडे आरओ हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत टीडीएस चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. 940 चं पाणी रोज पिण्यापेक्षा आरओ बरा. माझ्याकडे खडकवासल्याचं पाणी शंभरच्या आतबाहेर असतं, त्याला आरओ लावून मी अडीच वर्षं पाणी गटारात सोडलं. आता मेम्ब्रेन काढून टाकली, यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) आणि यूव्ही ठेवलं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की मात्र मीटर बुडवल्याशिवाय पीत नाही.

तुझ्या यंत्रातून एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी बाहेर जातं, तेही तपासून बघ. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लातूर आहे, तिथे हे पाणी मोरीत जाऊ देऊ नकोस. पाइप बादलीत सोड. फक्त काकूंच्या तुळशीला घालू नकोस: शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार त्यातच जमतात आणि 940 चं साडेबाराशेच्या आसपास होतं. फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला चालेल.

बोअरच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, रासायनिक आणि जैविक दोन्ही करायला सांग. नायट्रेट विशेष बघ, लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको. टाकीच्या पाण्यातले जंतू तपासायला एचटूएसची बाटली मिळते, तिच्यात पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळी पडली तर पाणी दूषित.

तोवर रेवाचं पाणी उकळ. खळखळून उकळी आली की किमान एक मिनिट, आणि झाकून थंड कर. उकळण्याने क्षार कमी होत नाहीत, पण जंतू मरतात. तिला डॉक्टरांना दाखवायचं थांबवू नकोस, दोष पाण्याचाच आहे असं अजून आपल्याला माहीत नाही.

फिल्टरवाल्याला सांग: स्पन, कार्बन आणि दिवा बदल, टाकी माझ्यासमोर धू, पंप चालतोय तोवर राहू दे, मेम्ब्रेनचं मी मोजून सांगतो. जुने भाग सोबत नेऊ देऊ नकोस, तुझ्याकडेच ठेव.

रविवारी सकाळी दहाला फोन करतो. स्क्रू बंद करून मोजलेला आकडा आणि एक लिटरला लागलेली मिनिटं तयार ठेव. काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, रेवाला गोड पापा.

तुझा,
अनिल

ता. क. बाऊल परत बसवताना काळी ओ-रिंग खाचेत नीट बसली आहे ना, ते बोट फिरवून बघ. माझी तिरपी बसली होती, रात्रभर पाणी झिरपून ओट्याखालची फळी फुगली.