मिरामारच्या समुद्रात कायक स्थिर धरणाऱ्या जीवरक्षकास

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला माहीत नाही आणि मिरामारच्या ट्रायथलॉननंतर, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग स्पर्धेनंतर, चौकशी करूनही ते कळू शकले नाही. त्या सकाळी पाण्यात कायक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, घेऊन बरेच जण होते, आणि कोण कोणत्या बोयापाशी (पोहण्याचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपाशी) होते हे किनाऱ्यावर कोणालाच नेमके सांगता येईना. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. पणजीच्या बाजूचे कोणी वाचक आपल्याला ओळखत असतील, तर त्यांनी ते आपल्यापर्यंत पोहोचवावे, अशी विनंती करते.

गोव्याची आयर्नमॅन 70.3 स्पर्धा 2019 साली मिरामारला पहिल्यांदा झाली, तेव्हापासून कोल्हापूरहून तिला मंडळी जातात. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणे, त्यानंतर 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावणे, हे सारे साडेआठ तासांत पुरे करायचे असते. या तीन अंतरांची मैलांमधली बेरीज म्हणजेच नावातला 70.3 हा आकडा. पोहण्याला वेगळी मुदत असते, एक तास दहा मिनिटांची. ती चुकली की सायकलला हात लावता येत नाही. माझ्यासारख्या हौशी स्पर्धकाच्या मनात वर्षभर घोळत असतो तो हाच आकडा, कारण सायकल आणि धावणे रेटून नेता येते, पाणी रेटता येत नाही.

मी पोहायला शिकले ती पाठीला पत्र्याचा डबा बांधून, गावच्या विहिरीत. पुढे सराव केला तो राजाराम तलावात. या दोन्ही ठिकाणचे पाणी जागच्या जागी असते. मिरामारला मात्र मांडवी नदी समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी गढूळ असते आणि डोके पाण्यात घातल्यावर स्वतःचा पुढे गेलेला हातही धड दिसत नाही. त्यात आजूबाजूला इतरांचे हातपाय, नाकातोंडात खारट पाणी, आणि मान वर काढून दिशा पाहावी तर नेमकी त्याच वेळी समोर लाट. पाणी कोमट असल्याने वेटसूट, म्हणजे पोहण्याचा रबरी अंगाबरोबर पोशाख, घालू देत नाहीत, म्हणजे त्याने मिळणारा तरंगण्याचा आधारही नाही. हे सारे मी ऐकले होते, वाचले होते. तरीही दुसऱ्या बोयाच्या अलीकडे माझा श्वास सुटला. हवा आत घेतली जात होती, पण बाहेर सोडली जात नव्हती, आणि छाती फुटेल असे वाटत असतानाच हवा मिळत नाही असेही वाटत होते. थकवा म्हणावा तर हात चांगले चालत होते. ही निव्वळ भीती होती. ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंच्या अमेरिकेतील नोंदी पाहिल्या, तर सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले दिसतात. नेमकी ही माहिती त्या क्षणी आठवावी, याला काय म्हणावे!

मी हात वर केला आणि आपण आलात. त्यानंतर आपण जे केलेत आणि जे कटाक्षाने केले नाहीत, त्या दोन्हींसाठी हे पत्र आहे.

आपण मला वर ओढून घेतले नाहीत. कायकचे टोक धरायला दिलेत आणि कायक लाटेला आडवी अशी वळवलीत, की माझ्या बाजूला पाणी जरा शांत झाले. "आत घेऊ का?" असे एकदाच विचारलेत. मी मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे माझे मलाही ठाऊक नव्हते. आपण उत्तराची घाई केली नाहीत. "सवकास, सवकास" एवढेच म्हणत राहिलात, आणि फुंकर घालावी तसा श्वास सोडून दाखवलात. मी तसा सोडला. काही श्वासांनंतर छाती मोकळी झाली.

मग माझे लक्ष आपल्या वल्ह्याकडे गेले. आपण सारखे उलटे वल्हवत होता. मला वाटले, किनाऱ्याकडे नेत आहात की काय. नंतर समजले की प्रवाहाबरोबर कायक पुढच्या बोयाच्या दिशेने सरकू नये म्हणून ती धडपड होती. नियम असा आहे की स्पर्धकाने बोयाला किंवा कायकला धरून हवी तेवढी विश्रांती घ्यावी, पण त्या आधाराने एक वीतही पुढे जाऊ नये. गेल्यास त्याला बाद करता येते. या खेळात बाहेरच्या मदतीचे फार सोवळे आहे. सायकलचे पंक्चर स्वतः काढायचे, घरच्या माणसाने रस्त्यात पाण्याची बाटली पुढे केली तरी ती घ्यायची नाही. अशा नियमांच्या खेळात बुडण्याच्या भीतीने गांगरलेल्या बाईला हात देतानाच तिची स्पर्धा शाबूत राहील याचीही काळजी कोणीतरी वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला वाहत होते, याचे मला आजही नवल वाटते. मला नावेत घेणे आपल्याला कितीतरी सोपे गेले असते, आणि त्याबद्दल आपल्याला कोणी बोलही लावला नसता.

निघताना आपण वल्ह्याने फक्त पुढचा बोया दाखवलात. मी किनारा किती लांब आहे असे विचारले होते, त्याचे उत्तर आपण दिले नाही, तेही बरे केलेत.

पोहण्याची मुदत मी थोडक्यात गाठली. सायकलविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. वारा समोरून होता तेव्हा रडकुंडीला आले आणि मागून आला तेव्हा स्वतःला मोठी सायकलपटू समजले. धावताना मात्र दमट उन्हाने जीव काढला. पाणपोईवर टोपीत बर्फ घालून देणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचेही मी येथेच आभार मानते. साडेआठ तासांच्या आत मी शेवटची कमान ओलांडली, पदक गळ्यात पडले, आणि घरी फोन केल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो "कितवी आलीस?" हाच.

एक गोष्ट मनाला लागली, ती लिहिते. माझे सायकलवरचे फोटो ढीगभर आहेत, धावतानाचे आहेत, कमानीखालचे तर विचारूच नका. पाण्यातला एकही नाही, त्यामुळे आपलाही नाही. व्यासपीठावरून प्रायोजकांची नावे वाचली गेली, ते योग्यच आहे, पैसा लागतो. पण पहाटेपासून उन्हात कायकवर बसून राहिलेल्यांना एकदा बोलावून टाळ्या वाजवल्या असत्या, तर कार्यक्रम काही लांबला नसता.

राजाराम तलावावर आता आम्ही नव्या मुलांना मध्येच थांबायला लावतो. उताणे पडायचे, श्वास पूर्ण सोडायचा, हात वर करायचा आणि मगच पुढे निघायचे. हात वर करणे म्हणजे हरणे, अशी समजूत अनेकांच्या डोक्यात असते. ती काढायला आपली हकिकत फार उपयोगी पडते, आणि मी ती प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. उलट्या वल्हवण्याचा भाग आला की मुले हमखास प्रश्न विचारतात, आणि काहींची उत्तरे माझ्याकडे नसतात. आपण भेटलात तर तेही विचारून घ्यायचे आहे.

कोल्हापूरच्या गुळाची एक ढेप आपल्यासाठी बांधून ठेवली आहे. पत्ता कळवावा. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते, तेव्हा त्याआधी कळवलात तर अधिक बरे.

आपली कृतज्ञ,
कोल्हापूरची एक स्पर्धक