स्टार्ट व्हॉल्व्ह उघडणारा माणूस गेममध्ये नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की अहमदाबादच्या विमान अपघातानंतर घरात बसून विमानाचे गेम खेळणारी पोरं एकदम एक्स्पर्ट झालीयत, जॉयस्टिक हलवून कोणाला विमान कळत नसतं, वगैरे. पत्रातला राग मला समजला, कारण त्या दिवसांत व्हॉट्सॅपवर काय काय फिरत होतं ते मीही बघितलंय. पण "काहीच कळत नाही" हे वाक्य मात्र पटलं नाही आणि म्हणून हा पत्रप्रपंच. मी तीसेक वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढली, बहुतेक मुंबई विमानतळावर आणि त्यातली निम्मी नाइट शिफ्टला, आता रिटायर होऊन कल्याणला असतो. आणि खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वीपर्यंत मीही त्या वाचकासारखंच बोलायचो.

झालं असं की माझा पुतण्या अकरावीला, त्याच्या टेबलावर दोन स्क्रीन, जॉयस्टिक, आणि आमच्या वहिनींचा रोज एकच डायलॉग, भावजी तुम्ही तरी सांगा याला, दिवसरात्र ते विमान घेऊन बसतो. म्हणून सांगायला गेलो. तर हा म्हणाला काका बसा, तुम्हाला एअरबसचं ए320 एकदम थंड, सगळं बंद, तिथपासून सुरू करून दाखवतो. मी मनात म्हटलं दाखव, आणि मुद्दाम अडवायचं ठरवलं. त्याने बॅटऱ्या लावल्या, व्होल्टेज बघितलं (हे बघायचं असतं हे त्याला माहीत होतं, तिथेच मी जरा सरसावून बसलो), ग्राउंड पॉवर घेतली, एपीयूकडे (शेपटीतलं छोटं इंजिन, वीज आणि हवा पुरवणारं) हात जाणार तेवढ्यात मी म्हटलं थांब, एपीयू खराब आहे, आता? पोरगा दोन सेकंदही थांबला नाही. मग बाहेरून हवेची गाडी लावायची, एक इंजिन तिच्यावर सुरू करायचं, गाड्या काढायच्या आणि दुसरं क्रॉसब्लीडने, म्हणजे पहिल्याचीच हवा घेऊन. मग इंजिन स्टार्ट करताना बोलत गेला, एन टू (इंजिनाच्या आतल्या शाफ्टचा वेग) सोळा टक्क्याला इग्निशन, बावीसला फ्यूएल, पन्नासला स्टार्ट व्हॉल्व्ह (इंजिन फिरवायला हवा सोडणारी झडप) बंद. सीएफएम इंजिनाचे हेच आकडे आम्ही लायसन्सच्या वेळी पाठ केले होते आणि आमच्या बॅचमधल्या दोघातिघांना ते तेव्हाही नीट येत नव्हते, नावं सांगत नाही.

पुढे दिवाळीत सगळे गोव्याला निघालो. विमान गेटवरून मागे सरकलं आणि खालून तो आवाज आला, कुत्रा भुंकतोय की कोणी करवत चालवतंय असा, ए320 ने गेलेल्या बहुतेकांनी ऐकला असेल. वहिनींनी माझा हात धरला. मी तोंड उघडायच्या आत हा पलीकडच्या सीटवरून सुरू, आई घाबरू नको, ते पीटीयू आहे, ग्रीन आणि यलो अशा दोन हायड्रॉलिक सिस्टिम असतात, दोघींच्या प्रेशरमध्ये पाचशे पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की एक दुसरीला ढकलते, पण तेल एकमेकांत मिसळत नाही, दुसरं इंजिन सुरू होताना ते स्वतःची टेस्टही करून घेतं. सगळं बरोबर. मी फक्त एकच विचारलं, मग ग्रीन सिस्टिममधलं तेल कुठल्या रंगाचं? तो जरा गोंधळला, म्हणाला हिरवं असेल. मला हसू आवरेना. ग्रीन, यलो, ब्लू ही नुसती नावं आहेत हो, तिन्हीत तेल एकच, जांभळं. ते हातावरच्या ओरखड्यावर सांडलं तर असं झोंबतं की त्याचा रंग आयुष्यात विसरत नाही. डोळ्यात उडालं तर विचारूच नका.

तर माझ्या मते सगळा प्रश्न त्या जांभळ्या रंगात आहे. या पोरांना सिस्टिम कळते का? कळते, आणि चांगली कळते. कुठला पंप कुठल्या इंजिनावर, वीज गेली तर काय चालू राहतं काय बंद पडतं, एअरबसचा कॉम्प्युटर नॉर्मल लॉ मधून आल्टरनेट लॉ मध्ये (म्हणजे पूर्ण संरक्षणातून कमी संरक्षणात) कधी जातो, हे सगळं लॉजिक ज्याला खरंच आवड आहे त्याला आज घरी बसून शिकता येतं, कारण चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते लॉजिक मॅन्युअलवरूनच बसवलेलं असतं. याला गेम म्हणून हिणवायची सवय जुनीच आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने 1929 मध्ये पहिला ट्रेनर बनवला, त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना, तर त्यातलेच भाते वापरून याने छोटं लाकडी विमान डोलवलं, म्हणजे आपल्या पेटीचा भाता असतो ना तीच जात. सुरुवातीला ते यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणूक म्हणूनच जास्त खपलं. मग 1934 मध्ये टपाल नेताना ढगात, खराब हवेत वैमानिक मरायला लागले तेव्हा अमेरिकन सैन्याने तीच सहा यंत्रं विकत घेतली.

आणि दुसरी बाजूही बघा, खऱ्या वैमानिकांना तरी विमान पूर्ण कळलेलं असतं का? बोइंग 737 मॅक्सचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचं विमान पडलं, 189 माणसं गेली. त्या विमानात एमकॅस नावाची सिस्टिम होती जी एका सेन्सरच्या चुकीच्या रीडिंगवरून नाक खाली दाबत होती, आणि वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिची माहितीच दिलेली नव्हती. हजारो तास उडवलेल्या माणसाला जी सिस्टिम आहे हेच सांगितलेलं नाही ती त्याला कळणार कशी? पाच महिन्यांत इथिओपियाचं विमान पडलं, आणखी 157. त्यानंतर कळलं की ज्या सिम्युलेटरवर ट्रेनिंग द्यायचं, म्हणजे कंपन्यांकडे असतात ते सहा पायांवर हलणारे करोडोंचे, त्याच्याही सॉफ्टवेअरमध्ये चूक होती, हाताने ट्रिमचं (विमानाचं नाक वर-खाली करणारं) चाक फिरवायला खऱ्यात किती जोर लागतो ते त्यात नीट येत नव्हतं, बोइंगने मे 2019 मध्ये ते मान्य केलं. म्हणजे जांभळं तेल तिथेही राहून गेलंच होतं.

आता पोरांची बाजू एवढी घेतली तर आमचीही सांगतो. पुतण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेल्युअर टाकता येतात. त्याने स्टार्ट व्हॉल्व्ह फॉल्ट टाकला, स्क्रीनवर पिवळी अक्षरं आली, त्याने चेकलिस्ट वाचली, तिथे लिहिलं होतं मॅन्युअल स्टार्ट, त्याने माउसने काहीतरी दाबलं आणि इंजिन सुरू. मी म्हटलं अरे मॅन्युअल म्हणजे कोणाच्या हाताने, तुझ्या? तो गप्प. सांगितलं त्याला, की मॅन्युअल म्हणजे खाली इंजिनाच्या पोटाशी एक माणूस उभा असतो, कानावर हेडसेट, हातात रॅचेट, काउलिंगला (इंजिनावरच्या झाकणाला) एक भोक असतं त्यातून ते आत घालायचं, वरून कॅप्टन म्हणतो ओपन की फिरवून धरून ठेवायचं, आणि इंजिन तुमच्या डोक्याशी फिरायला लागतं, आवाज छातीत घुमतो, पुढे दोन पावलं जास्त गेलात तर ते आत ओढून घेईल आणि मागे गेलात तर गरम हवा, वरून जुलैचा पाऊस चष्म्यावर, आणि कान फक्त त्या एका "क्लोज" कडे. पन्नास टक्के हा त्याच्यासाठी स्क्रीनवरचा आकडा आहे, माझ्यासाठी तो खांदा भरून येईपर्यंतचा वेळ. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं काका तुम्ही किती वेळा केलंय? मोजलं नाही रे कधी.

दुसरं म्हणजे खरं विमान फेल्युअर टाकल्यासारखं फेल होतच नाही. गेममध्ये सिस्टिम एक तर चालू असते नाहीतर बंद. आमच्याकडे एकदा एका विमानाला रोज तोच स्नॅग, उतरताना ब्रेकच्या सिस्टिमची वॉर्निंग यायची, गेटवर आलं की गायब. टेस्ट करा, पास. टेक लॉगमध्ये लिहा, नो फॉल्ट फाउंड. दुसऱ्या दिवशी परत. बॉक्स बदलला, सेन्सर बदलला, तिसऱ्या रात्री आमच्यातल्या एका म्हाताऱ्या टेक्निशियनने चाकाच्या खोबणीतला एक कॅनन प्लग (वायरींचा जोड) उघडून टॉर्च मारला तर आत एका पिनवर हिरवट गंज आणि थेंबभर पाणी. उडताना थंडीत तो थेंब काय करत असेल ते देवाला माहीत, जमिनीवर सगळं ओके. तो माणूस दहावी पास होता, आणि त्याने कुठलं मॅन्युअल वाचून तो प्लग उघडला नव्हता, म्हणाला पावसाळ्यात याच जागी पाणी जातं, बस. हे ज्ञान कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कोण घालणार, आणि घातलं तरी खेळायला मजा काय येणार?

बरं हे सगळं निरुपद्रवी नसतं. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये पेरू देशात लिमाहून एक बोइंग 757 निघालं, विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब मोजायच्या भोकांवर) चिकटवलेली टेप काढायची राहून गेली होती, त्यामुळे वैमानिकांना उंची आणि वेग सगळं खोटं दिसत होतं, अंधारात समुद्रावर, सत्तरच्या सत्तर माणसं गेली. सिम्युलेटरवाला सांगेल स्टॅटिक पोर्ट ब्लॉक झाले की काय होतं, अचूक सांगेल, ग्राफ काढून दाखवेल. पण चकचकीत पत्र्यावर चंदेरी टेप रात्रीच्या उजेडात दिसत नाही, शिफ्ट संपत आलेली असते, हे त्याला माहीत नसतं. आम्हाला माहीत असतं, म्हणून आम्ही हात फिरवून बघतो, डोळ्यावर विश्वास ठेवत नाही.

अहमदाबादबद्दल एवढंच लिहितो, कारण 260 माणसं गेली आहेत आणि त्यात जमिनीवरची, जेवायला बसलेली पोरंही होती. 12 जून 2025 नंतर पहिल्या काही दिवसांत सिम्युलेटरवर केलेले व्हिडिओ धडाधड आले, बऱ्याच जणांचं म्हणणं, चाकं वर घ्यायच्या ऐवजी फ्लॅप (पंखांच्या मागच्या, हळू वेगात विमान उचलून धरणाऱ्या पट्ट्या) घेतले. प्राथमिक अहवाल आला तर फ्लॅपची लिव्हर टेकऑफच्या बरोबर जागेवर होती. म्हणजे हे चुकले. पण त्याच लोकांपैकी काहींनी नुसत्या व्हिडिओतल्या आवाजावरून सांगितलं होतं की रॅट, म्हणजे संकटकाळी पोटाखालून बाहेर येणारा छोटा पंखा, बाहेर आलेला आहे, आणि ते अहवालात बरोबर निघालं. माझ्या पुतण्यानेही तो आवाज ओळखला होता, आणि फ्लॅपही म्हणाला होता. मग फ्यूएल स्विचची बातमी आली, एका सेकंदाच्या अंतराने दोन्ही रनमधून (चालू) कटऑफला (बंद) गेले, तेव्हा हा म्हणतो काका चुकून हात लागला असेल, त्यात काय, एक क्लिक. एक क्लिक! त्याच्या टेबलावर तो स्विच खरोखर एक क्लिकच आहे. मी त्याला उठवून खाली सोसायटीच्या गेटपाशी नेलं, म्हटलं ही कडी नुसती सरकव, सरकत नाही ना? आधी वर उचल, मग सरकव. तसा असतो तो स्विच, स्प्रिंगच्या विरुद्ध वर ओढल्याशिवाय हलायला नको, आणि असे दोन. ते कोणी हलवले, का हलले, लॉक नीट होतं का, यावर मी एक शब्द बोलणार नाही, प्राथमिक अहवालातही कोणाला दोषी धरलेलं नाही आणि टीव्हीवर बसून दोषी धरणाऱ्यांपेक्षा माझ्या पुतण्याची फ्लॅपची थिअरी बरी म्हणायची. पण कडी उचलल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दोन स्क्रीन लावून आलं नसतं.

आपल्या पत्रलेखकांनी शेवटी अशी भीती घातलीय की ही मुलं उद्या विमान पळवतील. 2018 मध्ये सिएटलला विमानतळावरच्या एका कर्मचाऱ्याने रिकामं टर्बोप्रॉप (पुढे पंखे असलेलं विमान) खरंच पळवलं होतं, कंट्रोल टॉवरला म्हणाला व्हिडिओ गेम खेळलोय, आणि हवेत कोलांटी मारून तासाभराने एका बेटावर आपटून गेला. पण साहेब, त्याच्याकडे त्या विमानापर्यंत पोचायचा एअरपोर्ट पास होता, विमानं ओढणाऱ्या टीममध्ये होता तो. पास तर माझ्याकडेही तीस वर्षं होता.

राहता राहिला पुतण्या. आता बारावी सायन्सला आहे, दर रविवारी माझ्याकडे येतो, मी त्याला जुन्या नोट्स देतो आणि तो मला फ्लाइट प्लॅन भरायला शिकवतो, जो मला आयुष्यात कधी नीट जमला नव्हता. मागच्या महिन्यात त्याने ठरवलं की पायलट नाही, मेंटेनन्स इंजिनियर व्हायचं, डीजीसीएचं (सरकारी विमान वाहतूक खात्याचं) लायसन्स काढायचं, कॉलेजांचे फॉर्मही आणून ठेवलेत, माझ्या कपाटात. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही हे पत्र छापलंत तर कळेलच.

आपला,
एक निवृत्त विमान मेंटेनन्स इंजिनियर, कल्याण