बोर्डोतला चुना कोणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेअखेरीस आपल्या शेतीच्या पानावर पावसाळ्यात सुपारीची फळं सडवून गाळणाऱ्या कोळे रोगावरचा उपाय, म्हणजे बोर्डो मिश्रण, छापून आला : मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. प्रमाण बरोबर आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण चुना कोणता, ते कुठेच नव्हतं. आमच्या श्रीवर्धनच्या आगरात तीन वर्षांपूर्वी या एका शब्दाने घात केला.

त्या वर्षी पाऊस तोंडावर आला होता आणि फवारणीला माणूस मिळाला तो नेमका रविवारी. दुकान बंद. माळ्यावर आदल्या साली तोंड सोडून ठेवलेली चुन्याची गोण होती, त्यातला किलोभर मोजून घेतला. आठवड्यात पोफळींची (सुपारीच्या झाडांची) कोवळी पानं करपली, फळं गळाली. मी मोरचुदाला शिव्या घातल्या.

नंतर लेकीच्या अकरावीच्या वहीत मोलचा धडा उघडला आणि हिशेब मांडला. मोरचुदाचा रेणुभार 250, कळीच्या (भट्टीतून निघालेल्या, पाणी न लागलेल्या) चुन्याचा 56, पाणी पिऊन विरलेल्याचा 74. म्हणजे एका रेणूला एक रेणू धरून किलोभर मोरचुदाला चोख कळीचा चुना लागतो 224 ग्रॅम, विरलेला घेतला तर 296. मग किलोभर चुना का सांगतात? कारण बाजारचा चुना चोख नसतो, आणि चुना थोडा जास्त झालेला चालतो, मोरचूद मोकळं राहिलेलं चालत नाही. तेच पान जाळतं.

आता माझी गोण. शिंपल्यांची भट्टी लावणाऱ्याला ठाऊक असतं की शंभर किलो शिंपल्यांतून 56 किलोच्या वर चुना निघत नाही. 44 किलो कर्बवायू होऊन उडून जातो. गोण उघडी राहिली की चुना हवेतली ओल पिऊन विरतो आणि तोच वायू हळूहळू परत ओढून घेऊन पुन्हा शिंपल्यासारखा निकामी होतो. वजन भरतं, कस जातो. माझ्या किलोत पाचवा हिस्सा जरी जिवंत उरला असेल, तरी ते 200 ग्रॅम झाले. लागत होते 296. तराजू खोटं बोलला नाही, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला.

आमचे मामंजी हिशेब करत नसत. मिश्रण तयार झालं की घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, "अजून चुना घाला." मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर बसतं, एवढंच त्यात रसायनशास्त्र. त्या रविवारी घाईत मी सुरी बुडवली नाही, हे कबूल करते.

तेव्हा विनंती अशी की प्रमाणाखाली दोन ओळी वाढवाव्यात : चुना ताजा, कळीचा घ्यावा, फवारण्याआधी सुरी बुडवून पाहावी. दुसरी फवारणी पहिलीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात छापलंत तर उपयोग होईल.

आपली,
एक आगरवाली, श्रीवर्धन (जि. रायगड)